फक्करथ, पांगुळगाडा आणि ऋतुक्रम : दुसऱ्या वर्षातील बालकाचे निरीक्षण

बालकाचे पहिले वर्ष सरले की वैद्याकडे येणाऱ्या आजीच्या प्रश्नांचे स्वरूप पालटते. तोवर प्रश्न असतात ते दूध, पोटफुगी, सर्दी आणि झोप यांविषयीचे. वर्षानंतर प्रश्न येतात ते असे : "अजून पाऊल टाकत नाही, काही शक्तीचे द्याल का?", "शेजारचा एवढा बोलतो, आमचा नुसताच हातवारे करतो." ठाकूरद्वारच्या परिसरात, झावबावाडी, फणसवाडी, मुगभाट या वाड्यांतून चिकित्सा करीत असता हे दोन प्रश्न आम्ही अगणित वेळा ऐकले आहेत. या प्रश्नांना वैद्याने काय उत्तर द्यावे आणि औषधालयचालकाने काय देऊ नये, याविषयी अनुभवास आलेले चार विचार समव्यावसायिकांपुढे ठेवीत आहोत.

सुश्रुताचार्यांनी बालकाचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे भेद सांगितले आहेत. पहिल्या वर्षी केवळ दूध, दुसऱ्या वर्षी दूध व अन्न, त्यापुढे अन्न, असा हा क्रम होय. यातील क्षीरान्नाद अवस्था, म्हणजे एक ते दोन वर्षांचा काळ, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या एका वर्षात बालक उभे राहते, चालते, बोट दाखवून मागते, बोलू लागते आणि स्वतःच्या हाताने जेवू लागते. एवढे स्थित्यंतर पुढे आयुष्यात क्वचितच होते.

फक्क म्हणजे कोण?

काश्यपसंहितेत फक्करोगाचे सविस्तर वर्णन आहे. ही संहिता दीर्घकाळ लुप्तप्राय होती. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील खंडित ताडपत्र-पोथीवरून ती उजेडात आली आणि 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांचा त्या प्रकाशनात मोठा वाटा होता. निर्णयसागरची कोलभाट गल्लीतील जागा ठाकूरद्वारापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ज्या ग्रंथावर आज आपले बालरोगविज्ञान उभे आहे, तो आमच्या शेजारच्या गल्लीत छापला गेला, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

वर्षाचे होऊनही जे बालक पायांनी चालत नाही ते फक्क, असे काश्यपांनी म्हटले आहे आणि त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगितले आहेत. येथे एक सावधानता हवी. हे एकच वाक्य उचलून आजच्या बालकास लावले, तर निम्म्याहून कमी नाहीत इतकी निरोगी मुले फक्क ठरतील. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांच्या निरीक्षणांवरून जे कालखंड प्रसिद्ध केले, त्यांत आधाराविना चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने असा दिला आहे. सरासरी सुमारे बारा महिन्यांची असली तरी पंधराव्या-सोळाव्या महिन्यात पहिले पाऊल टाकणारे मूल निरोगी असू शकते. त्याच अभ्यासात सुमारे 4 टक्के मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, असेही आढळले. तेव्हा 'रांगला नाही, म्हणजे काही दोष आहे' हे आजीचे अनुमान सहसा निराधार असते.

मग काश्यप चुकले काय? मुळीच नाही. त्यांनी केवळ न चालणे सांगितलेले नाही. सुकलेले नितंब, बाहू व मांड्या आणि मोठे दिसणारे पोट व डोके, असे संपूर्ण चित्र त्यांनी दिले आहे. म्हणजे फक्क हे निदान बालकाच्या सर्व शरीराकडे पाहून करावयाचे आहे. पंचांग पाहून ते करता येत नाही. आपण मात्र अनेकदा दोन्ही बाजूंनी चुकतो. निरोगी मुलास 'उशीर झाला' म्हणून औषध देतो आणि खरोखर उशीर झालेल्या मुलाच्या आईस 'होईल हळूहळू' म्हणून परत पाठवितो. वाट पाहणे हीदेखील चिकित्साच आहे. परंतु तिला मुदत हवी, हेच या लेखाचे सार आहे.

पांगुळगाडा

फक्कचिकित्सेत काश्यपांनी तीन चाकांचा फक्करथ सांगितला आहे. तो धरून बालकाने चालण्याचा सराव करावा, असा हेतू. आपल्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या असलेला लाकडी पांगुळगाडा हा त्याचाच वंशज म्हणावा लागेल. यात बालक स्वतःच्या पायांवर उभे असते, तोल स्वतः सांभाळते आणि गाडा पुढे ढकलते. बाजारात मिळणारा, मुलास मध्ये बसवून फिरविणारा चाकांचा वॉकर हा दिसण्यात त्याचा भाऊ असला तरी गुणाने वेगळा आहे. त्यात मूल लोंबकळत असते, पायांच्या बोटांनी जमीन ढकलते आणि तोल सांभाळण्याचे शिक्षण त्यास मिळत नाही. शिवाय तो वेगाने धावतो. कॅनडाने 2004 साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती मुख्यतः जिन्यावरून पडून होणाऱ्या इजांमुळे. आमच्या भागातील इमारतींत लांब गॅलरी, तिच्या टोकास उभा लाकडी जिना आणि गज सुटलेला कठडा हे चित्र आजही आहे. तेथे हा वॉकर घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पांगुळगाडाही मोठ्या माणसाच्या नजरेखालीच द्यावा.

वर्षा : पहिले पाऊल

ग्रंथांत श्रावण-भाद्रपद हा वर्षाऋतू सांगितला आहे. मुंबईत मात्र पाऊस जूनच्या पूर्वार्धात, म्हणजे बहुधा ज्येष्ठातच लागतो. म्हणून येथे ऋतू महिन्यांवरून न ठरविता लक्षणांवरून ठरवावा. विवेचनाच्या सोयीसाठी पावसाच्या आरंभी वर्ष पुरे झालेले एक बालक आपण कल्पू आणि त्याच्याबरोबर वर्षभर चालू.

या वेळी ते पलंगाचा कठडा धरून उभे राहते, कडेकडेने सरकते. दहा बाय बाराच्या खोलीत दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, दमट लादी आणि बाहेर गॅलरीत पावसाची झड. अशा दिवसांत मूल सारा दिवस कडेवर किंवा पलंगावर राहते आणि 'पावसाने चालणे लांबले' अशी तक्रार येते. ती बरीचशी खरीही असते. यावर औषध एकच : कोरडी लादी आणि अनवाणी पाय. दिवसातून दोन-तीन वेळा मोकळी जागा करून मुलास खाली सोडावे.

ओवा, वेखंड यांची धुरी देण्याची चाल चांगली आहे. परंतु दारे-खिडक्या बंद करून मुलास त्या धुरात ठेवणे हितावह नव्हे. कपडे व दुपटी धुपवावीत, धूर निघून गेल्यावर बालकास खोलीत आणावे. नाकात तेल सोडण्याची सवयही मोडावी. रडत्या मुलाच्या फुप्फुसात ते उतरू शकते.

मलेरिया, डेंग्यू यांचा हा काळ. तापातून उठलेले मूल काही दिवस चालत नाही, कडेवरच राहू पाहते. हे अशक्तपणाने होते व आठवड्याभरात सुधारते. परंतु चालणाऱ्या मुलाचा एक वा दोन्ही पाय अकस्मात लुळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. 2014 साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला असला तरी अशा प्रत्येक लुळेपणाची नोंद व तपासणी आजही केली जाते.

भाद्रपद व शरद : बोट आणि शब्द

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा होते आणि पाठोपाठ गणपती येतात. 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आलेल्या केशवजी नाईक चाळीच्या या परिसरात तेव्हा शांतता अशी नसतेच. आपले कल्पित बालक आता पंधरा-सोळा महिन्यांचे आहे. ते चालू लागलेले असते. 'बाप्पा' कुठे म्हटले की बोट दाखविते, हात जोडते, नाव घेतले की वळून पाहते. दोन-चार अर्थपूर्ण शब्द येतात. बोट दाखविणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. 'मी पाहतो ते तूही पाहा' हा त्यातील भाव पुढील सर्व भाषेचा पाया होय.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी सतरा महिन्यांचा एक मुलगा ज्येष्ठात आमच्याकडे आणला गेला. चालणे उत्तम, प्रकृती उत्तम, शब्द मात्र एकही नाही. "याचा बापही तीन वर्षांनी बोलला," असे आजी म्हणाल्या. आम्ही ब्राह्मीचे चाटण दिले आणि तीन महिन्यांनी दाखविण्यास सांगितले. अनंत चतुर्दशीनंतर त्या आल्या. बोलणे तसेच होते. बोलता बोलता त्या कौतुकाने म्हणाल्या, "डॉक्टर, पोर मात्र गुणी हो. खाली ढोल-ताशे चालले होते, हा गॅलरीच्या दारात गाढ झोपलेला."

ते वाक्य ऐकून आम्ही चरकलो. श्रवणतपासणीस पाठविले. दोन्ही कानांनी ऐकणे अतिशय कमी असल्याचे निष्पन्न झाले. श्रवणयंत्र लागले, वाक्प्रशिक्षण सुरू झाले, आणि आज तो मुलगा शाळेत जातो, बोलतो. परंतु ते तीन महिने आमच्यामुळे गेले, हे विसरता येत नाही. आमच्या चाटणाने त्यास काही अपाय झाला नाही. अपाय झाला तो आम्ही न विचारलेल्या प्रश्नाने. ऐकू येते काय, हे वाचेच्या प्रत्येक तक्रारीत सर्वप्रथम पाहिले पाहिजे.

श्रवणदोषाबाबत आजची मान्य दिशा अशी की जन्मानंतर एक महिन्यात चाळणी तपासणी, तीन महिन्यांत निश्चित निदान आणि सहा महिन्यांत उपाय सुरू व्हावा. टाळी किंवा थाळी वाजवून पाहणे पुरेसे नाही. मूल हालचाल पाहून वा कंप जाणवूनही वळते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठी आहे. मोठ्या रुग्णालयांतूनही ही तपासणी होते.

हेमंत-शिशिर : अभ्यंग, ऊन आणि बोरन्हाण

या ऋतूत अग्नी बलवान, म्हणून बालकाची भूक वाढते. आता ते दीड वर्षाचे आहे. चमचा धरते, सांडते, पुन्हा भरते. सांडू द्यावे. आमच्याकडील अनेक घरांत सांडू नये म्हणून मुलास भरविले जाते, किंवा हाती मोबाईल देऊन घास कोंबला जातो. असे मूल जेवणे शिकत नाही आणि त्याच वेळी बोलणेही शिकत नाही. दोन वर्षांपर्यंत पडदा नको, हा आजच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आपण आपल्या शब्दांत घरोघरी सांगावा.

अभ्यंगास मुंबईच्या सौम्य थंडीत तिळाचे किंवा खोबरेल तेल पुरते. अभ्यंगानंतर सकाळचे कोवळे ऊन द्यावे. मात्र अंधाऱ्या खोल्यांतून राहणाऱ्या बालकांत केवळ उन्हावर विसंबू नये. पायांना बाक, मनगटे जाड, टाळू उशिरापर्यंत उघडी असे दिसले तर ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासून घ्यावी. दीड वर्षाचे मूल फिकट, चिडचिडे व माती-चुना खाणारे असेल तर दुधाचे प्रमाण विचारावे. केवळ बाटलीभर दुधावर पोट भरणाऱ्या मुलांत लोह कमी पडते, कारण दुधात ते फारच अल्प असते. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना लोहाचे द्रव औषध आठवड्यातून दोनदा दिले जाते. ते बंद करण्यास आपण कधीही सांगू नये.

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणे होतात. हलव्याचे दागिने, काळे वस्त्र आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, शेंगा यांचा वर्षाव. सोहळा गोड आहे, परंतु बोर, शेंगदाणा, हरभरा व हलव्याचा दाणा हे या वयात श्वासमार्गात अडकणारे पदार्थ आहेत. चरकाचार्यांनी बालकाची खेळणी रंगीत, आवाज करणारी, हलकी, टोक नसलेली आणि तोंडात न शिरणारी असावीत, असे सांगितले आहे. हाच निकष बोरन्हाणास लावावा. चुरमुरे व बत्तासे वापरावेत, बाकीचे पदार्थ मोठ्या मुलांनी वेचून घेईपर्यंत बाळास कडेवर घ्यावे. समारंभानंतर अकस्मात सुरू झालेला खोकला वा एका बाजूची घरघर ही सर्दी समजून कफघ्न चाटण देऊ नये; मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वसंत व ग्रीष्म : दोन शब्दांचे वाक्य

वसंतात संचित कफ पातळ होतो आणि नाक वाहू लागते. सर्दीवर कापूर हुंगविणे किंवा छातीस चोळणे लहान बालकांत धोक्याचे आहे. कापराने आकडी येऊ शकते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानात पाणी साचून ऐकणे तात्पुरते मंदावते, हेही ध्यानात असू द्यावे. पाडव्याची गिरगावची शोभायात्रा खांद्यावर बसून पाहणारे आपले बालक आता पळते, पायऱ्या हात धरून चढते.

ग्रीष्मात ते दोन वर्षांचे होते. 'आई ये', 'दूध नको', 'बाबा गेला' अशी दोन शब्दांची वाक्ये येतात. सुट्टीत कोकणात, आजोळी जाणे होते. पुष्कळ आया सांगतात की गावी गेल्यावर मूल महिन्याभरात धावू-बोलू लागले. अंगण, माणसे आणि गप्पा यांचा तो गुण होय. अंगण मुंबईस आणता येत नाही, पण गप्पा आणता येतात.

इतिहास कोणाकडून घ्यावा

या भागातील कुटुंबजीवन पालटले आहे. आजी-आजोबा जुन्या खोलीत आणि मुलगा-सून डोंबिवलीस किंवा बोरिवलीस, असे आता सर्रास दिसते. मूल आठवड्याचे पाच दिवस आजीकडे, दोन दिवस आईकडे. आजीस दिवसाचे मूल ठाऊक, आईस रात्रीचे. आजी म्हणते "सगळे करतो", आई म्हणते "माझ्याजवळ काहीच करत नाही". दोघी खरे बोलत असतात. म्हणून एकीच्या सांगण्यावर निर्णय करू नये. सुनेची भीती 'नव्या मुलींचे खूळ' म्हणून उडवून लावणे हा तर अपराधच होय. आईला शंका आली आहे, हे स्वतःच एक लक्षण मानावे.

मुदती

आम्ही चिकित्सालयात पुढील मुदती लावून ठेवल्या आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बालकात त्या दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजाव्यात.

नऊ-साडेनऊ महिन्यांस आधाराविना न बसणे.
बारा महिन्यांस 'बाबा-दादा' असे ध्वनी नसणे, हातांनी खुणा न करणे, हाकेस न वळणे.
वर्षाच्या आतच सतत एकच हात वापरणे.
सोळा महिन्यांस एकही अर्थपूर्ण शब्द नसणे.
अठरा महिन्यांस न चालणे.
चोवीस महिन्यांस दोन शब्द जोडून न बोलणे.
कोणत्याही वयात आलेले कौशल्य जाणे.

यांपैकी एकही आढळल्यास औषधाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी समाविष्ट आहे, हेही पालकांस सांगावे. अभ्यंग, आहार, घृतपान यांची आपली चिकित्सा त्याबरोबर अवश्य चालवावी, त्याऐवजी नव्हे.

औषधालयचालकांस विनंती

आजी प्रथम येते ती पुष्कळदा आपल्या दुकानात. 'चालण्याचे', 'बोलण्याचे' असे औषध मागितल्यास आधी वय विचारावे आणि वरील मुदतींशी ताडून पाहावे. हिंगुळ वा पारदयुक्त रसकल्प अनुसूची ई(1) मधील द्रव्यांचे असल्याने वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत, अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर असते. ती केवळ छापण्यापुरती समजू नये. निनावी पुड्यांतील बाळगोळ्या व घुट्या ठेवू नयेत. अशा पदार्थांत शिसे आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत आणि शिशाने बालकाची बुद्धी मंदावते, म्हणजे ज्यासाठी औषध घेतले त्याच्या नेमके उलट होते. वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये. मधातील जिवाणूबीजे उकळण्यानेही मरत नाहीत आणि त्या वयात त्यांपासून स्नायूंचा घातक लुळेपणा येऊ शकतो. लेहनाचे ग्रंथोक्त महत्त्व मान्य करूनही आम्ही स्वतः त्या वयात केवळ घृताचे अनुपान योजतो.

असो. आजीचा प्रश्न उद्याही येईल : "काही शक्तीचे द्याल का?" त्या वेळी बाटली काढण्यापूर्वी मुलास खाली जमिनीवर सोडावे, मागून त्याचे नाव घ्यावे आणि पाच मिनिटे स्वस्थ पाहावे. मग सांगावे : थांबा किंवा जा. 'थांबा' म्हणताना पुढील भेटीची तारीख लिहून द्यावी आणि त्या दिवशी कोणी आले नाही, तर आपण होऊन चौकशी करावी.